लाँग टर्मवाले

मेहुण्याच्या साडूकडून सोमवारी सकाळी मिळालेल्या खात्रीलायक टिपेवर विसंबून, गुरुवारपर्यंत नफा पदरात पाडून मोकळे होण्याच्या दृढ संकल्पाने घेतलेला शेअर बुधवारी दुपारी तोंडावर आपटला, की त्याच क्षणी आमच्या मध्यमवर्गात आणखी एका ‘लाँग टर्म’ गुंतवणूकदाराचा जन्म होतो.

मुदत व्यवहारापूर्वी ठरवावी, हा सावकारी पेढीवरचा जुना दंडक या गृहस्थांना मान्य नाही. त्यांची मुदत बाजारभाव ठरवतो. बाजारात नोंदलेला शेअर बारा महिन्यांहून अधिक काळ बाळगला, की आयकर खाते त्याला दीर्घ मुदतीची मालमत्ता समजते. यांच्या लेखी मात्र घातलेले पैसे परत मिळेपर्यंतचा काळ म्हणजे लाँग टर्म, मग तो नातवाच्या मुंजीपर्यंत का लांबेना!

त्यांची वही प्रेक्षणीय असते. एका रकान्यात खरेदीचा भाव निळ्या शाईने ठसठशीत मांडलेला, आणि शेजारी आजचा भाव पेन्सिलीने, तोही इतका पुसट की सौभाग्यवतींना चष्मा लावूनही वाचता येऊ नये. ‘विकला नाही तोवर तोटा कसला? तो नुसता कागदावरचा!’ हे त्यांचे ब्रह्मवाक्य. चाळीसला घेतलेला शेअर वीसवर आला, की तेवढेच आणखी घेऊन ते ‘ॲव्हरेज’ करतात. आणि आपल्याला तो तीसलाच पडला, असे विजयी मुद्रेने सांगताना, बाजारात तो एव्हाना बारावर उतरला आहे, ही किरकोळ बाब वगळतात. उलट एखादा शेअर चुकून चढलाच, तर आठवड्याच्या आत तो विकून पेढे वाटतात. परिणामी चांगल्या कंपन्या त्यांच्याकडे पाहुण्यांसारख्या येऊन जातात, आणि वाईट कंपन्या घरजावयासारख्या ठाण मांडून बसतात.

हुज्जत घालणाऱ्यास ते सेन्सेक्सचा दाखला देतात: १९७८-७९ साली १०० धरलेला हा निर्देशांक २०२४ मध्ये ८०,००० च्या वर गेला, मग धीर का सोडावा? दाखला खरा आहे. परंतु त्या तीस कंपन्यांची यादी वेळोवेळी तपासली जाते आणि मागे पडलेल्यांना वगळून नव्यांना जागा दिली जाते, हा कळीचा मुद्दा ते बिनबोभाट दप्तरदाखल करतात. १८६५ च्या तेजीत मुंबईतील बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढून कोसळला आणि पुढे कंपनीच बुडाली; तिचे कागद ज्यांनी धीराने जपले, त्यांच्या धीराचे मोल कोणत्याही बाजारात आले नाही.

म्हणून ‘लाँग टर्म’चा जप करणाऱ्या सद्गृहस्थास वाचकांनी एवढेच विचारावे, की हाच शेअर आज, याच भावाने, नव्याने घ्याल काय? उत्तर ‘हो’ आले, तर ते गुंतवणूकदार आहेत. उत्तराऐवजी चहाचा आग्रह झाला, तर तोटा झाला आहे असे खुशाल समजावे.