घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम (सातारा-सांगली विभाग)

प्रवेशाची पात्रता: वय कितीही चालेल, पगार असल्यास उत्तम. 'पुण्यात नाही जमलं तर गावाकडं घेऊ' हे वाक्य उमेदवाराने एकदा तरी उच्चारलेलं असावं. ते उच्चारणारे आपण एकटेच नव्हतो, एवढं कळलं की अर्धा अभ्यासक्रम पुरा झाला.

पाठ पहिला: भाव विचारणे

"काय रेट चाललाय?" असं विचारलं की एजंट उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "साहेब, बजेट किती धरलंय?" तुम्ही तीस म्हणालात की त्याच्याकडे पस्तीसचं असतं, पस्तीस म्हणालात की चाळीसचं. म्हणून नवशिक्याने बजेट पाच लाखांनी कमी सांगावं. एजंटला हे माहीत असतं, तो दहाने वाढवतो.

भाव ठरवतं कोण, हेही इथंच शिकून घ्या, कारण ते तुम्ही नाही. साताऱ्यापासून पुणे हायवेने ११० किलोमीटर. शनिवारी कासला फुलं बघायला आलेलं कुटुंब रविवारी यवतेश्वरच्या उतारावर प्लॉट बघून परत जातं. शिवाय फौजेतून सुभेदार होऊन आलेले आहेत, मुंबईत माथाडी म्हणून उभा जन्म काढून चार पैसे गाठीशी बांधलेले आहेत. त्यांचा हक्क कुणी नाकारू नये. सांगलीकडे विटा-खानापूरचे गलाईवाले, देशभर सोनं-चांदी गाळून पैसा गावाकडं आणणारे, तासगावचा एखादा द्राक्षबागायतदार, ज्याला यंदाचं वर्ष साधलं, मिरजेचे डॉक्टर. यांतल्या सगळ्यांना घर राहायलाच हवं असतं असं नाही. ठेवीच्या व्याजापेक्षा बरं म्हणून घेऊन ठेवलेलं असतं. थोडक्यात, तुमची स्पर्धा माणसांशी कमी आणि कुलपांशी जास्त आहे. नव्या इमारतीसमोर संध्याकाळी सात वाजता उभं राहून किती खिडक्यांत दिवे लागतात ते मोजा. मग एजंटचं "आता दोनच शिल्लक आहेत" आठवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

सरकारने १ एप्रिल २०२५ पासून रेडीरेकनर राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवला, तोही दोन वर्षं दर स्थिर ठेवल्यावर. एजंटचा रेट एप्रिलची वाट बघत नाही.

पाठ दुसरा: गणित

समजा, फ्लॅट ४० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एवढ्याला कर्ज फार तर ८० टक्के, म्हणजे ३२ लाख. वरचे ८ लाख तुमचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता २७,७७० रुपये. शेवटचा हप्ता भराल तोवर बँकेला साडेसहासष्ट लाखांच्या वर गेलेले असतील. मुद्रांक शुल्क शहर हद्दीत ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. इमारत अजून पुरी व्हायची असेल आणि घर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर एक टक्का जीएसटी. घराची ही व्याख्या सरकारने केलेली आहे. परवडतं की नाही हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

खरेदीखत केवळ बाईच्या नावावर केलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. सोबत नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. ४० हजारांसाठी घरावरचं नाव सोडायचं का, या प्रश्नावर जिल्ह्यातले कित्येक पुरुष रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदाच विचारात पडतात.

शेतकरी घरातले असाल तर हिशेब उसात करा. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. ४० लाख म्हणजे ११२७ टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक न कापता. एकरी ५० टन धरले तरी साडेबावीस एकरांचं एका हंगामाचं पीक. आणि पाच जणांच्या कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकरांच्या वर ठेवायला कमाल जमीन धारणा कायद्याची बंदी आहे. म्हणजे कायदा पाळून एका वर्षात फ्लॅट होत नाही.

पाठ तिसरा: पाणी

हा पाठ नीट करा, परीक्षेत हमखास येतो. साताऱ्यात घर बघताना विचारायचं, "पाणी येतं का?" सांगलीतही हेच विचारायचं. फक्त हवं असलेलं उत्तर उलट.

साताऱ्याचं सोपं आहे. शहरात नगरपालिकेचं की उपनगरात जीवन प्राधिकरणाचं, किती वाजता येतं, वरच्या मजल्याला चढतं का, एवढं शेजारच्या वहिनींना विचारलं की झालं. त्या खरं सांगतात, कारण त्यांना तुमच्याकडून कमिशन नाही.

सांगलीत मात्र आयर्विन पुलाची पट्टी पाठ असावी लागते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. त्यामुळे सांगलीकर घराचा पत्ता दोन भागांत देतो: आधी गल्ली, मग फूट. "आमच्याकडं बावन्नला येतंय" असं कुणी सांगितलं तर ते वेळेबद्दल नाही.

चौकशी तिघांकडे करावी. एजंट म्हणेल, "पाणी? हितं? न्हाई ओ साहेब, रस्त्यापर्यंतच आलतं." मालक म्हणेल, "पार्किंगला लागलं होतं थोडं." तिसरा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला. तो काही बोलत नाही, नुसता हात वर करून खांबाकडे बोट दाखवतो. ते बोट जिथं थांबतं ती उंची लिहून घ्या. जिन्याचा रंग भिंतीच्या निम्म्यापर्यंतच ताजा दिसत असेल तर चौकशीचीही गरज नाही.

"आपण तिसऱ्या मजल्यावर घेऊ" हे उत्तर चुकीचं आहे. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण लाइट, दूध आणि बोटही येत नाही. सांगलीतल्याच विश्रामबागेचा भाव चढा का, हे तिथल्या झाडांवरून नाही, २०१९ वरून समजून घ्यायचं. सखल भागातला भाव पुरानंतर खाली येतो आणि दोन कोरडे पावसाळे गेले की पुन्हा वर चढतो. नदीपेक्षा विसराळूपणाचा ओघ मोठा आहे, असं माझं मत. घर घेतल्यावर कोयनेचे १०५ टीएमसी, विसर्गाचे क्युसेक आणि अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करण्याचा कर्नाटकाचा बेत, हे सगळं आपोआप पाठ होतं. त्यासाठी वेगळी फी नाही.

पाठ चौथा: स्वस्त मिळत असेल तर

स्वस्ताला कारण असतं. सांगलीत त्या कारणाचं नाव बहुधा गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे, प्रत्येकी १०८९ चौरस फूट, नोटरीच्या कागदावर विकलेले. पुढे त्यावर घरं, बोळ, देवळं, पोरांची लग्नं. ती नियमित करायचा कायदा २००१ मध्ये झाला, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत आणली. "नियमित होतंय, फाइल टाकलीय" असं कुणी म्हणालं तर फाइल कोणत्या साली टाकली ते विचारा. नियमितीकरणाचा दाखला हातात नसेल तर बँकेचा मॅनेजर चहा देतो, कर्ज देत नाही.

सातबारा असेल तर नावं मोजा. सतरा नावांपैकी सोळा जण सहीला तयार असतात. सतरावी आत्या असते. ती कवठेमहांकाळला राहते, तिला गुडघेदुखी आहे आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा हिस्सा भावांइतकाच आहे. तीस वर्षांत दिवाळीला साडी न पाठवलेले भाऊ आता गाडी पाठवतात. अशा वेळी घर घेणाऱ्याने आत्याच्या बाजूने असावं. त्याचं काम तिच्याशिवाय होत नाही आणि चूकही तिची नाही.

म्हाडाच्या पुणे मंडळात सातारा, सांगली दोन्ही येतात. सोडतीचा अर्ज भरावा. लागली तर हा अभ्यासक्रम पुढच्याला द्यावा.

स्वाध्याय

१. "हायवेला टच" या प्रकल्पापासून हायवेपर्यंत चालत जा. वाटेत लागलेल्या ओढ्यांची नावं लिहा.

२. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन महिना १६,००० रुपये आहे. हप्ता पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये असं बँकेचं म्हणणं धरलं, तर पाठ दुसऱ्यातल्या फ्लॅटला साधारण साडेतीन शिक्षणसेवक लागतात. (अ) साडेतीन मुहूर्तांपैकी कोणत्या मुहूर्ताला त्यांनी इसार द्यावा? (ब) वन बीएचकेत बेडरूम कुणाची? (क) अर्ध्या शिक्षणसेवकाची सही रजिस्ट्रार चालवून घेईल का?