किलोभर खुर्ची

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात वजनाला मान आहे. पुढारी वजनदार हवा, कापूस वजनात भरला पाहिजे आणि पलंग असा, की हलवायला चार गडी लागले पाहिजेत. अशा गावात कार्बनभाऊ हलकेपणाचा प्रचार करतात.

भाऊ वाळूजला कारखान्यात साच्यांवर काम करायचे. गावी परतताना कार्बन फायबरचं वेड घेऊन आले. बैठकीतला आजोबांचा सागवानी पलंग गोठ्यात गेला आणि त्या जागी एका पायावर तोललेली काळी, चकचकीत वस्तू आली. फायबरचं विणलेलं कापड इपॉक्सीत भिजवायचं, साच्यावर थरावर थर द्यायचे, मग भट्टीत तापवायचं, असा तिचा जन्म. पाठ नाही, हात नाहीत. पाहुण्यांना ती पेरणीयंत्राचा सुटा भाग वाटते.

"ही खुर्ची आहे," भाऊ सांगतात, "उचलून बघा!" उचलायला परवानगी आहे, बसायला नाही. मग इटलीच्या आल्बेर्तो मेदांनी १९८७ साली केलेल्या, जेमतेम किलोभर वजनाच्या कार्बन फायबरच्या खुर्चीची गोष्ट येते. ती ऐकून शेजारचे अण्णा म्हणाले, "आन् वावटळ आली म्हंजी?"

भाऊ चिडत नाहीत. तेवढ्याच आकाराचं स्टील जवळपास पाचपट जड भरतं, हे समजावून सांगतात. पण जालन्यात सळई वजनावर विकते, त्यामुळे ऐकणारा एवढंच विचारतो, "किलोला काय भाव?"

मग भाऊ डिझायनर मार्क न्यूसनला साक्षीला बोलावतात. फायबरग्लासच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटनं ठोकून त्यानं 'लॉकहीड लाउंज' ही आरामखुर्ची केली. तशा खुर्च्यांपैकी एक २०१५ साली लंडनच्या लिलावात २४ लाख पौंडांवर गेली. हे ऐकून भंगारवाल्यानं पत्रा किती किलो निघेल ते विचारलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

माणूस मात्र खोटा नाही. स्टील मोडायच्या आधी वाकून इशारा देतं, कार्बन फायबर एकदम तडकतं, हे ते स्वतःच सांगतात. म्हणून तर कुणाला बसू देत नाहीत.

प्लास्टिकच्या खुर्चीचा भाऊंना भारी तिटकारा. पुतणीच्या लग्नात मंडपवाल्यानं तसल्याच खुर्च्या एकीत एक रचून ट्रॉलीभर आणल्या. हलक्या, बिनजोडाच्या, एकाच साच्यातून एका दमात निघालेल्या. वर वऱ्हाडातला सगळ्यात जाड मामाही पंगत उठेपर्यंत निवांत बसलेला. भाऊंनी एक रिकामी खुर्ची उलटी करून बराच वेळ निरखली. शेवटी म्हणाले, "काळी असती अन् महाग असती, तर हिलाच लोकांनी कलाकृती म्हटलं असतं."

केदारखेड्याला गेलात तर भाऊंकडे जरूर जा. माणूस मोकळा आहे, चहाही फक्कड असतो. फक्त तो उभ्यानं प्यायची तयारी ठेवा.