दिव्याची परदेशवारी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या रस्त्यावर ड्रेनेजचं काम निघालं आणि खोदताना जेसीबीनं अख्ख्या गल्लीची फायबर तोडली. तीन दिवस नेट नव्हतं. वीज होती. पंखे फिरत होते, फ्रीज चालू होता. अंधार फक्त एका जागी होता : अण्णांच्या खोलीतून बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात.

तिथं मी माणसाची चाहूल लागली की लागणारा दिवा बसवला होता. अण्णा ८२ वर्षांचे. रात्री दोन वाजता उठले, रोजच्या भरवशावर चार पावलं टाकली, दिवा लागला नाही. भिंत चाचपत उभे राहिले आणि त्यांनी मला हाक मारली. पडले नाहीत, एवढंच. सकाळी मी स्टुलावर चढून तो सेन्सर काढला आणि हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. सेन्सर आणि बल्ब यांच्यात जेमतेम दीड मीटर अंतर. तरीही ‘माणूस आला, दिवा लाव’ एवढा निरोप सेन्सरकडून राउटरला, राउटरकडून कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरला आणि तिथून परत आमच्या बोळात येत होता. वाटेत फायबर तुटली, निरोप अडकला. नेट नसेल तर हा दिवा लागणार नाही, असं खोक्यावर एका अक्षरानंही लिहिलेलं नव्हतं.

हे तंत्रज्ञानाचं बंधन असतं तर मी गप्प बसले असते. ते बंधन नाही. दीड मीटरवरचा निरोप घरातल्या घरात पोचवणं यंत्राला मुळीच अवघड नाही. बाहेरून फिरवून आणण्यात कंपनीची सोय आहे. तुम्ही खातं उघडता, फोन नंबर देता, कधी उठता-कधी झोपता याची नोंद तिच्याकडे जमते, आणि उद्या महिन्याचं भाडं लावायचं ठरवलं तर नळाची चावी तिच्याच हातात असते. ग्राहकाचीही थोडी सोय होते हे खरं : कोड स्कॅन केला की काम झालं, ऑफिसातून घरचा गीझर बंद करता येतो. पण त्या सोयीपायी आपण घराच्या दिव्याचा ताबा देऊन बसतो, आणि हे विकताना कोणी सांगत नाही.

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. त्या दुपारी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांमध्ये नावं-पत्ते शोधून देणारी यंत्रणा बिघडली. लोकांच्या दारावरच्या रिंग बेल मुक्या झाल्या, अलेक्सा उत्तर देईना, आणि ‘एट स्लीप’ नावाच्या महागड्या गाद्यांचं तापमान आणि कोन वापरणाऱ्यांच्या हाताबाहेर गेले. गादी! माणूस जिच्यावर झोपलाय ती गादी त्याचं ऐकेना, कारण दूरवरचा संगणक आजारी होता. आणि तो बिघाड निदान दुरुस्त तरी झाला. इन्स्टिऑन या जुन्या अमेरिकन कंपनीनं एप्रिल २०२२मध्ये ग्राहकांना काहीही न कळवता सर्व्हर बंद केले. हजारो रुपये घालून घर सजवलेल्या लोकांच्या हातातली अ‍ॅप एका दिवसात निकामी झाली. त्यातही ज्यांनी आपला हब घरातल्या संगणकाशी थेट जोडून ठेवला होता, त्यांचे दिवे लागत राहिले. पुढे जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटानं ती कंपनी विकत घेतली, म्हणून बाकीच्यांचं निभावलं.

दिवा न लागणं सोसता येईल. कॅमेऱ्याचं तसं नाही. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीच्या खोलीतल्या बायकांचं चित्रण २०२५च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर झळकलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं गेलं. कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ असल्याचं बातम्यांत आलं. पकडलेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. म्हणजे चोर कुठल्या तरी अनोळखी देशातला असतो, ही समजूतही सोडून द्या. ज्या बाया तिथं तपासायला गेल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीनंही तो कॅमेरा विकत घेतला नव्हता की त्याला पासवर्ड दिला नव्हता. ही गोष्ट वाचल्यापासून मला डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत गेल्यावर आधी छताकडे बघायची सवय लागली आहे. पासवर्ड बदला, असा सल्ला सगळे देतात, तो बरोबरच आहे. पण मूळ प्रश्न वेगळा आहे : त्या खोलीत कॅमेरा का होता, आणि असलाच तर त्याला बाहेरच्या जगाचा रस्ता कशासाठी दिला होता? ज्या खोलीला रस्ताच नाही, तिचं कुलूप दुसऱ्या गावात बसून कोणी तोडू शकत नाही.

शिवाय चोर बाहेरूनच येतो असंही नाही. बेल आणि कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या घरातली खासगी चित्रणं पाहिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३मध्ये ठेवला. कंपनीनं ५८ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. चांगला पासवर्ड इथं काय करणार होता?

म्हणून मी आमच्या घरातली सगळी ‘स्मार्ट’ मंडळी नेटपासून तोडली. फार पैसे लागले नाहीत. माळ्यावर जुना राउटर पडला होता, तो काढला. त्याच्या मागं निळ्या कडेचं वॅनचं पोर्ट असतं, ज्यात बाहेरून येणारी नेटची वायर घालतात. ते रिकामं ठेवलं. बास. राउटर चालू, वायफाय चालू, बाहेरचा रस्ता नाही. बल्ब, प्लग, जिन्याचा कॅमेरा हे सगळं त्या वायफायवर. मधे एक जुना लॅपटॉप ठेवला, त्यावर ‘होम असिस्टंट’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. निरोप घ्यायचे, हुकूम द्यायचे, कॅमेऱ्याचं चित्रण साठवायचं, सगळं तो करतो. त्याचा एक पाय घरच्या नेहमीच्या वायफायवर, दुसरा या बंद वाड्यात. पण इकडचं तिकडं तो जाऊ देत नाही.

इथं एक सापळा आहे, त्यात माझ्या ओळखीचे निम्मे लोक अडकले आहेत. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं, ते चालू करून उपकरणं तिकडं टाकली की झालं, असं त्यांना वाटतं. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांसाठी असतं. पाहुण्याला नेट मिळावं पण घरातला लॅपटॉप दिसू नये, ही त्याची रीत. म्हणजे तुमचा बल्ब तुमच्या लॅपटॉपशी बोलू शकत नाही आणि जगाशी मात्र मनसोक्त बोलतो. आपल्याला नेमकं याच्या उलट हवं आहे.

अडचणी आल्या, त्याही सांगते. फोन या वायफायला जोडला की ‘इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुर करतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. जोडून राहा, असं त्याला एकदा ठासून सांगावं लागतं. कॅमेऱ्याला नेटवरून वेळ मिळेना, तर महिन्याभरात त्याचं घड्याळ मागं पडलं. चित्रणावरची वेळ चुकली तर पोलिसांपुढं ते ठेवायचं कसं? मग लॅपटॉपलाच घरातल्या उपकरणांचं घड्याळ नेमलं. काही उपकरणं तर कंपनीचा सर्व्हर दिसल्याशिवाय सुरूच होईनात. बोळातला सेन्सर त्यांतलाच. तो काढून झिगबीचा सेन्सर आणि झिगबीचाच बल्ब आणला. झिगबी ही वायफायहून निराळी, कमी ताकदीची रेडिओची भाषा. त्या बल्बला इंटरनेटचा पत्ताच नसतो. लॅपटॉपला लावलेल्या बोटभर डोंगलशी बोलण्यापलीकडे तो कुठं जाऊ शकत नाही. आणि भिंतीवरचं बटण मी काढू दिलं नाही. इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, ताई, आता याची गरज नाही. मी म्हटलं, अण्णांना आहे.

‘मग अपडेट कसे मिळणार?’ हा आक्षेप मी मानते. उपकरणातली चूक दुरुस्त व्हायलाच हवी. पण त्यासाठी ते चोवीस तास नेटवर टांगून ठेवायचं कारण नाही. वर्षातून एक-दोनदा ते घरच्या नेहमीच्या वायफायवर आणायचं, अपडेट घ्यायचं, परत बंद वाड्यात न्यायचं. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड आळीपाळीनं घालून बघून. २१ ऑक्टोबरला त्याच सैन्यानं डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना मिळेनासे झाले. ते कॅमेरे नेटवर होते, अपडेट मात्र कित्येकांना कधीच मिळाले नव्हते.

आपल्याकडे एप्रिल २०२५पासून नेटला जोडणाऱ्या सीसीटीव्हीची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. चांगलं झालं, उशिरा झालं. पण ही तपासणी कुलूप पक्कं आहे का एवढंच बघते. मला हवी ती ओळ अजून कुठल्याही नियमात नाही : नेट तुटल्यावर हे उपकरण चालेल की नाही, ते खोक्यावर मराठीत, मोठ्या टाइपात छापा. पंख्यावर वीज किती खातो त्याचे तारे छापता येतात, तर हेही छापता येईल. तोवर दुकानात आपणच विचारायचं. विक्रेत्याला उत्तर माहीत नसतं. त्याला तिथंच फोनचा डेटा आणि दुकानाचं नेट बंद करून बल्ब लावून दाखवायला सांगा. मी सांगते. लागला नाही तर घेत नाही. सोसायटीच्या कमिटीनं गेटवरच्या आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यांसाठी हेच करावं म्हणून मी अर्ज दिलाय. मुलांचं येणं-जाणं कुठल्या सर्व्हरवर साठतंय हे सेक्रेटरींना सांगता आलं नाही, तेव्हा पुढच्या सभेत तो विषय घ्यायचं ठरलं आहे.

परवा केबलवाल्यांचा मुलगा राउटर बदलायला आला होता. जाता जाता त्याचं लक्ष माळ्याखालच्या जुन्या राउटरकडे गेलं. चांगल्या मनाचा पोरगा. म्हणाला, ‘‘ताई, याची वायर निघालीय. लावून देऊ?’’ मी त्याला ते पोर्ट जवळून दाखवलं. त्यात मी एम-सील भरून ठेवलं आहे. वाळून दगड झालंय.