पावतीपुस्तकाचा गुण

एकाकीपणाचं काम ब्रिटननं २०१८ साली एका मंत्र्याकडं सोपवलं, २०२१ साली जपाननंही. ब्रिटनमध्ये तर डॉक्टर गाण्याच्या गटात जा, बागकामाला जा, असंही सुचवतात. आमच्या शिरोळ तालुक्यात कुणी असली चिठ्ठी घेऊन गेला, तर औषधवाला आधी विचारील, "पोरगं कुणाचं रं तू?"

"मला एकटं वाटतंय" हे आमच्याकडं तोंडातनं निघत नाही. निघालंच तर घरचे त्याचा अर्थ 'लग्नाचं बघा' एवढाच लावतात. आणि तिशी गाठलेल्या, दोन एकर उसाच्या मालकाला पोरगी मिळणं किती अवघड झालंय, हे तालुक्याला ठाऊक आहे. मग हा गडी संध्याकाळी रानातनं येतो, मोबाईल चार्जिंगला लावतो आणि त्याच्या शेजारी स्वतःही पडतो.

त्याला उठवतं तरुण मंडळ. गणपती जवळ आले की दारात हाक येते, "मर्दा, पावतीपुस्तक धर, वरची गल्ली तुझी." मन मोकळं कर, असलं अवघड कुणी बोलत नाही. वर्गणीला हिंडताना चार घरी चहा होतो, दोन घरी बोलणी बसतात, एखादी म्हातारी "तुझं कुठं जमलं का?" म्हणून जखमेवर बोट ठेवते, पण विचारते तरी! पावसाळ्यात नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्यालाही हीच टोळी भल्या पहाटे गाड्यांना किक मारते. त्यात भक्ती किती आणि सोबत किती, हे दत्त महाराजांनी अजून विचारलेलं नाही. २०१९ च्या महापुरात गावांना वेढा पडला, तेव्हा तर एकटं वाटायला सवडच नव्हती.

पण हे सगळं पोरांचं. त्यांच्या बहिणींचं काय? लग्नानंतर बचत गट, उतारवयात भजन, आणि त्याआधीची सगळी वर्षं एसटीच्या थांब्यावर. पावतीपुस्तक त्यांच्या हातात कोण देतो? अलीकडं त्यांनीच आपली वाट काढलीय: अभ्यासिका. आत 'शांतता राखा'ची पाटी, टेबलावर स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं. दुपारी चहाला म्हणून सगळ्या बाहेर पडतात आणि पाटीवरचा राग टपरीवर काढतात. घरी सांगायला कारण भक्कम असतं.

परवा त्यातल्या एकीला विचारलं, "परीक्षा कधी गं?"

"अजून जाहिरातच निघाली नाही, काका," ती म्हणाली. "निघू दे की सावकाश."