वाचता नाई आलं तं पाहा

"काहून वो कुंदाताई, तुमच्या पोट्टीनं गच्चीच्या भिंतीवर काय काढून ठेवलं? आमच्या वाळवणाकडून पाह्यलं तं नुसते निळे वेटोळे!"

"अरबी अक्षरं होय वैनी. कॅलिग्राफिटी म्हणते थे. मोबाइलवर पाहून पाहून नाद लागला तिले."

"अरबी? गिरडले बाबा फरीदच्या दर्ग्यात चादरीवर असते तसं? धरमाचं असन तं पाय लागू नये बाप्पा, गच्चीवर आपण पापड टाकतो."

"मीबी तेच म्हणलं, तं मलेच शिकवत बसली. कैरोत म्हणे मन्शियत नासेर नावाची वस्ती हाय, साऱ्या शहराचा कचरा वेचून जगणाऱ्यायची. बहुतेक ख्रिस्ती. तिथं २०१६ मधी एल सीद नावाच्या कलाकारानं पन्नासेक इमारतीयवर मिळून एकच वाक्य रंगवलं. अरबीत. अन् वाक्य कोणाचं, तं जुन्या काळच्या एका ख्रिस्ती संताचं!"

"अरबीत ख्रिस्ती संत?"

"आता थ्या वस्तीवाल्यायची बोलीच अरबी. किराण्याची यादीबी त्याच्यातच करत असन. बरं, एका घरावर एवढुसाच तुकडा. सारं वाक्य पाहाचं तं मोकत्तमच्या टेकडीवर चढा, तिथूनच जुळते."

"अन् एवढ्यायनं भिंती देल्ल्या? आपल्याकडं नळाच्या पाइपाले कोणी भिंत देत नाई."

"आधी वस्तीतल्या फादरले विचारलं त्यानं. फादर हो म्हणला, मंग काम सोपं झालं. पण खरी गंमत सांगू का? थ्या एल सीदलेच जवानीपर्यंत अरबी लिहिता-वाचता येत नव्हती. मायबाप ट्युनिशियाचे, हा वाढला पॅरिसकडं. मोठेपणी शिकला."

"मंग आपल्या पोट्टीनं मराठीत काढाचं न वो. अच्युत पालवायले २०२५ मधी पद्मश्री भेटली. मोडीवर केवढं काम हाय त्यायचं! आमच्या आज्याचे शेताचे कागद मोडीतच होते, कोणाले वाचता येत नाई, पण दिसाले कसे झोकात."

"मराठीबी काढते थे. माहं म्हणणं येगळं हाय. कैरो कैरो काय करता, आपल्या अकोल्याकडं नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाह्यला का कोणी? बहमनीच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या शेवटचा. पांढुरक्या दगडात कमळं, जाळ्या, सज्जे अन् वरतं अरबी अक्षराचे पट्टे. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसाव म्हणूनच कोरले न थे? घोड्यावरच्या सरदारालेबी दिसे, मोळीवाल्या बाईलेबी. वाचणारे तवाबी थोडेच असन. माह्या तं मानेत उसण भरली वरतं पाहून पाहून."

"तुमी कवा गेल्त्या वो? सांगतलं नाई!"

"लगनाच्या आधी. आता पोट्टीले घेऊन जातो म्हणतो. अकोटवरून शहानूर, पुढं मेळघाटचं जंगल. फॉरेस्टवाल्यायचं तिकीट घ्या लागते. येता का?"

"येतो न! पण आमच्या ह्यायले आत्ताच सांगू नका, नाईतं त्यायची बहीणबी निघन."