मैदान नको, पदवी पुरे

क्रीडा प्रशिक्षणाची पदवी घ्यायला निघालेल्या मुलाला गावानं अडवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लोक त्याला खुळा म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण खुळांमध्येही प्रकार असतात. काही खुळं गावाला ताप देतात, उदाहरणार्थ ग्रामसभेत हिशेब मागणारी. हे खूळ मात्र कुणाचंच काही बिघडवत नाही. मुलगा चार वर्षं परगावी राहतो, परत येतो तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्र असतं आणि गावात सगळं जिथल्या तिथं असतं. इतकं निरुपद्रवी उच्च शिक्षण आमच्या पाहण्यात दुसरं नाही.

आधी गाव सांगतो, कारण जळकोट दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं, ते तालुक्याचं ठिकाण. दुसरं आमचं, धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या शेजारचं. पुण्याहून मछलीपट्टणला जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्याकडून जातो. जगाशी आमचा संबंध बऱ्यापैकी आहे, फक्त जग जरा वेगात असतं.

प्रशिक्षकांची टंचाई आमच्याकडे कधीच नव्हती. फाट्यावरच्या हॉटेलात सकाळी बसलं तर एका चहात चार भेटतात. कोणता चेंडू सोडायचा, कबड्डीत बोनस कधी घ्यायचा, कुस्तीत पट कसा काढायचा, हे सगळं ते बसल्या जागेवरून सांगतात. यांतला एकही जण त्यासाठी विद्यापीठात गेलेला नाही. त्यामुळे कुणाच्याही मनात कसलीच शंका नाही. शंका ही शिकण्याने येते, हे जाणकारांना ठाऊक आहे.

अशा गावात एखादा पोरगा बारावी झाल्यावर घरी सांगतो की मला प्रशिक्षक व्हायचंय, त्याचं शिक्षण असतं. बाप बिडी विझवतो आणि विचारतो, "पळायला शिकवायची बी डिग्री असती व्हय रं? कुत्रं मागं लागलं की कुणी बी पळतंय की."

पोरगा म्हणतो, "व्हय आबा. पर किती पळायचं आन् कवा थांबायचं, ते कुत्रं सांगत न्हाई."

या उत्तराला आम्ही उद्धटपणा समजतो. पण नीट पाहिलं तर त्या पदवीत हेच शिकवतात: किती आणि कधी थांबायचं. ताण दिल्यावर स्नायू कसा झिजतो, विश्रांतीत कसा भरून येतो, वर्षाच्या सरावाचे टप्पे कसे पाडायचे, स्पर्धेच्या आधी सराव कमी का करायचा. शरीरक्रियाशास्त्र, गतीचं यांत्रिकशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, आहार, दुखापती. एवढं सगळं एका शिट्टीसाठी. शिट्टी बाजारात काही रुपयांत मिळते.

या अभ्यासातला आमचा सर्वांत आवडता भाग म्हणजे चारशे मीटरचा ट्रॅक आखणं. विद्यार्थी कागदावर तो ट्रॅक आखतो. बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला वळणावर जास्त अंतर पडतं, म्हणून त्याला पुढे उभं करायचं असतं. लेनची रुंदी १.२२ मीटर धरली तर दुसऱ्या लेनमधला ७.०४ मीटर पुढे, तिसऱ्यातला १४.७०, असं करत करत आठव्या लेनमधला चक्क ५३.०३ मीटर पुढे उभा राहतो. तेव्हा कुठे सगळ्यांचे चारशे मीटर सारखे होतात. किती सुंदर न्याय! आणि तो कागदावर राहतो हे त्याहून सुंदर. हा हिशेब कुणी मैदानाबाहेर लावायला घेतला, जळकोटची मुलगी कितव्या लेनमध्ये उभी आहे आणि पुण्यातल्या बालेवाडीची कितव्या, असं विचारू लागला, तर मंत्रालयाला नवीन टेप विकत घ्यावी लागेल. सध्या सगळे एकाच रेषेवर उभे राहतात आणि याला आपण समान संधी म्हणतो. त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. बाहेरच्या लेनमधल्यांनी थोडं जास्त पळावं, तब्येतीला चांगलं असतं.

ही विद्या शिकायची सोय आपल्या देशात फार विचारपूर्वक, लांब लांब केलेली आहे. १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली ती पटियालात, मोतीबाग राजवाड्यात. पुढे आयुष्यभर पत्र्याच्या शेडमध्ये साहित्य ठेवणाऱ्या माणसानं सुरुवात राजवाड्यात करावी, यात दूरदृष्टी आहे. २०१८ च्या कायद्यानं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झालं ते मणिपुरात, तिथं प्रशिक्षणाची बी.एस्सी. करता येते. महाराष्ट्राचं स्वतःचं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आधी मराठवाड्यात, औरंगाबादेजवळ होणार होतं. मग २०२० साली कायदा झाला तेव्हा ते पुण्यात, बालेवाडीला निघालं. मराठवाड्यानं खो-खोतल्यासारखा सूर मारला आणि विद्यापीठानं खांबाच्या पलीकडून हुलकावणी दिली. खो-खोच्या प्रांताला ही दाद समजायला हवी होती. काहींनी उगाच निषेध केला.

याउलट जुन्या लोकांचं बघा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. ना कायदा, ना कुलगुरू. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. हे चुकीच्या क्रमानं झालं. आधी इमारतीचं भूमिपूजन, मग नामकरणाचा वाद, मग पदभरती रखडणं आणि शेवटी खेळ, हा योग्य क्रम आता रूढ झाला आहे.

शिकायचा काळही आपण वाढवला. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी, बी.पी.एड., पूर्वी आपल्याकडे एका वर्षात होत असे. २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं. नोकऱ्या तितक्याच ठेवून अभ्यास दुप्पट केल्यामुळे बेरोजगारी एका वर्षानं पुढे ढकलली जाते. अर्थशास्त्रज्ञांनी याची नोंद घ्यावी.

शिकून आल्यावर कामाची वानवा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. मुलांचं शरीर पूर्णवेळ असतं, पण त्याच्याकडे लक्ष अंशकाळ पुरतं. मुलं शंभराहून कमी असतील तर त्यांना शरीर आहे असं गृहीत धरायची गरज नाही. लहान गावांच्या शाळा यातून आपोआप मोकळ्या होतात.

जिथं पूर्णवेळ पीटीचे सर आहेत, तिथं त्यांच्या ज्ञानाचा थेंबही वाया जात नाही. प्रार्थनेला रांगा लावणं, प्रभातफेरीला घोषणा देणं, पाहुणे आले की खुर्च्या मांडणं, पंधरा ऑगस्टला दोरी ओढण्याआधी गाठ तपासणं, निवडणुकीच्या कामाला जाणं. यांत्रिकशास्त्राचा उपयोग खुर्च्या उचलताना होतो, मानसशास्त्राचा गुरुजींची समजूत काढताना. खेळाचा तास वेळापत्रकात असतोच. तो बहुधा गणिताला दिला जातो, कारण गणिताला परीक्षा असते आणि पळण्याला नसते.

पळण्याला परीक्षा असते ती पोलीस भरतीला. तिथं मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांनाही वीस वीस गुण. म्हणून आमचं खरं क्रीडा विद्यापीठ पहाटे महामार्गाच्या कडेला भरतं. डांबरावर, साध्या बुटांत, हैदराबादच्या ट्रकांना वाट देत पोरं पळतात. कुलगुरू नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वसतिगृहाचा प्रश्न नाही. रोज पूर्ण ताकदीनं पळायचं, एकही दिवस सुट्टी नाही. महिनाभरात नडगी दुखू लागते. त्यावर उपाय ठरलेला: आणखी पळ, दुखणं मरतं. दुखणं मरतं की नाही माहीत नाही, पण त्या वर्षीची भरती जाते. पुढच्या वर्षी भरती निघाली नाही, तर नडगीला आराम मिळतो. सरकारचं हे वैद्यकीय धोरण फारसं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता कल्पना करा, इथं तो पदवीधर पोरगा आला. तो म्हणणार, डांबर सोडा, मातीवर पळा. आठवड्यातून एक दिवस काही करू नका. उन्हात पळताना पाणी प्या. आपल्या पिढ्यान् पिढ्या मानतात की पळताना पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, आणि हा ते विचारात घेणार नाही. मुलींच्या रक्तातलं लोह तपासा म्हणेल. पाळीबद्दल मुलींशी सरळ बोलणारी बाई संघासोबत ठेवा म्हणेल. खो-खोत सूर मारताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या पोरीला हळद लावून तीन आठवड्यांत खेळवू नका, नऊ महिने तरी लागतील म्हणेल. म्हणजे जिल्हा स्पर्धा बुडणार. क्रीडा गुण बुडणार. दहावीचे गुण बुडणार. एका गुडघ्यापायी पूर्ण निकाल! अशा माणसाला गावात मोकळं सोडणं कितपत सुरक्षित आहे, हे पालकांनी ठरवावं.

क्रीडा गुणांचा विषय निघालाच आहे, तर त्यांची थोरवी सांगितली पाहिजे. खेळ हा पूर्वी खेळण्यासाठी असे. आता तो दहावी-बारावीला वाढीव गुणांसाठी आणि पुढे नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी असतो. या मार्गावर खेळाडूपेक्षा कागद अधिक वेगानं धावतो. ट्रॅम्पोलिन नावाच्या खेळाची बनावट प्रमाणपत्रं घेऊन काहींनी सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण राज्यात गाजलं. ज्या खेळाची उसळी मारायची जाळी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, त्यात इतके नैपुण्यवान निघाले. प्रशिक्षकाशिवाय, साहित्याशिवाय, खेळल्याशिवाय. प्रशिक्षणशास्त्राला याहून वरचा टप्पा माहीत नाही.

इथं प्रामाणिकपणे एक अडचण मांडायला हवी. आमच्याच जिल्ह्यानं आमच्या या सगळ्या मांडणीला गालबोट लावलं आहे. धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार. २०२० साली अर्जुन पुरस्कार, तोही खो-खोला बावीस वर्षांनी. खेळायला लागल्यावर कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, हे तिनंच सांगितलं आहे. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती आमच्याच तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या महिला संघाची कर्णधार शेजारच्या बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे होती आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

या घटनांमुळे काही लोक गोंधळले. कुणीतरी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मैदानावर उभं राहिल्यानं हे झालं असावं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आम्ही गोंधळलो नाही. आम्ही फलक लावला. फलकावर वर नेते, मध्ये नेते, खाली शुभेच्छुक, कोपऱ्यात खेळाडू. प्रशिक्षकाला जागा उरली नाही, कारण फलकाचा दर चौरस फुटावर असतो. एक वेळ जेवून अर्जुन पुरस्कार मिळतो, हा धडा मात्र आम्ही मनापासून घेतला. तेव्हापासून दोन वेळच्या जेवणाची मागणी आम्हाला खेळाडूवृत्तीच्या विरुद्ध वाटते.

खो-खोत आठ गडी पाट्यांवर बसतात, शेजारच्या दोघांची तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला. आमचा शिक्षण विभाग आणि क्रीडा विभाग अगदी नियमाप्रमाणे बसलेले आहेत. फक्त खो द्यायला कुणी आलेलं नाही. त्यामुळे दोघांपैकी कुणालाही आजवर पळावं लागलेलं नाही आणि म्हणून दोघांच्याही नावावर एकही चूक नाही.

पैशाचं काय, असं कुणी विचारेल. त्याचीही परंपरा आहे. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं होतं, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचा वाढदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. प्राचार्याच्या घरावर पदक मिळतं हे सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध झालं असताना अर्थसंकल्पात वेगळी तरतूद मागणं म्हणजे इतिहासाचा अपमान होय.

तेव्हा आमचं आवाहन असं. जळकोटच्या मुलामुलींनी क्रीडा प्रशिक्षण जरूर शिकावं. पटियालाला जावं, मणिपुरला जावं, बालेवाडीला जावं. ५३.०३ चा हिशेब तोंडपाठ करावा. परत आल्यावर त्यांचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, प्रमाणपत्राला चौकट करून देऊ. एवढं झाल्यावर त्यांनी भरतीच्या तयारीला लागावं किंवा औषधाचं दुकान टाकावं.

फक्त मैदान, पगार आणि रोजचे दोन तास, या तीन गोष्टी त्यांनी मागू नयेत. ग्रामपंचायतीला ते परवडणार नाही असं नव्हे. सामूहिक निधीतून, वर्गणीतून, रस्त्याच्या एका कामातल्या टक्क्यातूनही ते भागेल. अडचण वेगळीच आहे. आमच्या पोरांना सोयी नव्हत्या म्हणून ती मागं राहिली, हे वाक्य आम्ही तीन पिढ्या वापरतो आहोत. भाषणात चालतं, निवेदनात चालतं, निवडणुकीत तर फारच चालतं. उद्या मैदान झालं, पगारी प्रशिक्षक आला आणि तरीही कुणी पळालं नाही, तर दोष द्यायला आमच्याकडे आम्हीच उरणार. एका पोराच्या पदवीसाठी एवढी मोठी किंमत कोणतंही शहाणं गाव देणार नाही.