किमान तापमानाचा वारसदार

डिसेंबर-जानेवारीत मनमाडहून गोवा एक्सप्रेसने पहिल्यांदा दिल्लीला निघालेला निफाड तालुक्यातला पोरगा ओळखणे अवघड नसते. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, आईने कोंबलेली कानटोपी बॅगेच्या तळाशी आणि चेहऱ्यावर थंडी कोळून प्यायल्याचा निवांतपणा. भोपाळ सुटल्यावर डब्यातले लोक एकेक शाल बाहेर काढू लागले की हा खिडकीची काच मुद्दाम वर करतो. त्याच्या या ऐटीला आधार आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात झळकतो. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून त्याने बापाबरोबर पहाटे बागेत शेकोट्या पेटवलेल्या असतात. दिल्लीचा आकडा 7 आणि गावचा 5, तर दिल्लीने आपल्याला काय शिकवावे, असा त्याचा रोकडा सवाल. वजाबाकीत चूक नाहीच. फक्त तो भलताच आकडा पाठ करून आलेला असतो.

निफाडची थंडी रात्रीची. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब रातोरात उडून जाते आणि पहाटे पारा तळ गाठतो. पण तेच निरभ्र आकाश सकाळी ऊनही सढळ हाताने सोडते. दहा वाजता स्वेटर कंबरेला, दुपारी पारा 28 च्या आसपास, आणि पहाटे कुडकुडलेला माणूस मोटारसायकलचे सीट तापले म्हणून कुरकुरतो. दिल्लीत जानेवारीतल्या धुक्याच्या दिवसांत नेमके उलटे होते. धुक्याची गोधडी पसरली की रात्रीचा पारा फार खाली घसरत नाही, पण दिवसा सूर्यही खालपर्यंत पोचत नाही. किमान 8, कमाल 14. म्हणजे दिल्ली ज्या दिवशी खरी गारठते, त्याच दिवशी तिचा किमान आकडा आपल्या पोराला हसण्याजोगा वाटतो. थंडी मोजायचीच तर दुपारच्या पाऱ्याने मोजावी. हवामान खात्याला हे ठाऊक आहे. थंडीच्या लाटेखेरीज ‘शीत दिवस’ अशी वेगळी नोंद ते ठेवते आणि त्यात कमाल तापमान सरासरीच्या किती खाली गेले हे बघते. पेपरवाल्यांना मात्र नीचांकाचेच वेड.

यावर कोणी म्हणेल, 14 म्हणजे काही बर्फ नव्हे. टोरांटोतली मराठी मंडळी उणे 15 मध्ये राहतातच की. राहतात, पण तापवलेल्या घरात, टी-शर्टवर. दिल्लीच्या घरांना ती सोय नाही. ती बांधली मे-जूनशी झुंजायला, पायाखाली संगमरवर घालून. त्यातून स्पर्धा परीक्षेसाठी जुन्या राजेंद्रनगरात घेतलेली, पार्टिशन टाकून अर्धी केलेली खोली असेल, तर तिथे ऊन बाराही महिने फिरकत नाही. घरमालकीण अकरा वाजता मटार सोलायला गच्चीवर निघते आणि जाता जाता सांगते, “बेटा, अंदर मत बैठ, अंदर ठंड है.” हे वाक्य पोराच्या डोक्यात शिरत नाही. थंडी बाहेर असते आणि माणूस आत पळतो, ही त्याची जन्माची समजूत. तो नेटाने आत बसतो. आधी फरशीवरचे पाय उचलून खुर्चीतच मांडी घालतो, मग पलंगावर सरकतो, मग रजाईत शिरतो, आणि मूलभूत हक्क वाचता वाचता दुपारी दोनला घोरताना सापडतो. चौथ्या दिवसापासून अंघोळीची गोळी सुरू होते. कानटोपी तळातून वर येते, तीही ‘फक्त झोपताना’. आठवड्याभरात काश्मिरी गेटजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटमधून फुगीर जॅकेट येते. ते अर्थात स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले असते. थंडीचा त्याच्याशी काय संबंध!

किमान आकडा अगदीच बिनकामाचा, असे मात्र म्हणता येणार नाही. द्राक्षाचा मणी तोच तडकवतो आणि दिल्लीच्या फुटपाथवर उघड्यावर निजणाऱ्याच्या जिवावरही तोच उठतो. तिथे ही सगळी थट्टा बंद. पण ज्याच्या डोक्यावर छप्पर आणि अंगावर रजाई आहे, त्याचे हाल दुपारचा पाराच करतो. हे पोराला महिनाभरात अनुभवाने कळते. पंचाईत अशी की कळलेले घरी पटवता येत नाही. रात्री व्हिडिओ कॉल लागतो. रजाईतून नाक तेवढे बाहेर असलेल्या मुलाला वडील विचारतात, “किती आहे रे तिकडं?” तो फोनमध्ये बघून सांगतो, “नऊ.” वडील मान वळवून आईला म्हणतात, “ऐकलं का, नऊ आहे म्हणे. आपल्याकडं सकाळी पाच होतं. आणि हा बघ, कानटोपी घालून बसलाय!” मुलगा कमाल तापमानाचा मुद्दा काढतो न काढतो, तोवर फोन धाकट्या बहिणीच्या हातात गेलेला असतो आणि ती स्क्रीनशॉट काढत असते.